ट्रेड टेस्टच्या आधीचे पंधरा दिवस

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ
मा. प्रधान सचिव, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग

विषय: परदेशी कामाला जाणाऱ्या बांधकाम कामगारांची तयारी, आणि ते गेल्यावर त्यांच्या मंडळातल्या नोंदणीचे काय करायचे याबाबत

महोदय,

2024 साली इस्रायलसाठी बांधकाम कामगारांची निवड झाली. उत्तर प्रदेश, हरियाणा आणि तेलंगणात झालेल्या पहिल्या फेरीत 16,832 जण कौशल्य चाचणीला, म्हणजे ट्रेड टेस्टला, उभे राहिले, त्यातले 10,349 निवडले गेले. पाचांतले जवळजवळ दोघे हात हलवत परतले. त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरी फेरी आपल्याकडे, पुण्याच्या औंध आयटीआयमध्ये झाली. चाचणी चारच कामांची होती: सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा उभारणे), सळईकाम, प्लास्टर आणि टाइल. दहा-पंधरा वर्षे साइटवर घालवलेल्या माणसाला यातले काहीच नवे नाही. तरी तो अडतो, आणि नेमका कुठे अडतो हे चाचण्या जवळून पाहिलेल्या कुणालाही सांगता येते. मापात अडतो, नकाशात अडतो, कधी हाताळले नाही अशा साहित्यापाशी अडतो. निवड झालीच तर पुढे करारात अडकतो.

म्हणून एकच मागणे. अनुभवी कामगाराला त्याचेच काम पुन्हा शिकवणारे, हजेरी आणि फोटो काढून प्रमाणपत्र देणारे वर्ग परदेशवारीच्या नावाखाली चालवू नयेत. चाचणीच्या आधी पंधरा दिवसांचे, दिवसाला सहा तासांचे, चारही कामांचे वेगवेगळे शिबिर घ्यावे. त्यात काय असावे आणि काय नसावे ते पुढे लिहितो.

मापांपासून सुरुवात करू. नाक्यावर उभा असलेला फिटर, म्हणजे सळई बांधणारा, सळई सुतात मोजतो; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे 10 मिमी, चार सूत 12, पाच सूत 16, आणि रिंगेची अडीच सूत म्हणजे 8. सेंट्रिंगवाला फूट-इंचात बोलतो, प्लास्टरवाला ब्रासमध्ये (शंभर चौरस फुटांत), मुकादमाचा हिशेब टनात. आखातात आणि इस्रायलात सगळा कारभार मिलिमीटरचा. 'दोन हजार सातशे पन्नास' कानावर पडल्यापासून टेपवर बोट पोचेपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात परीक्षक मनातल्या मनात काट मारून मोकळा होतो. आपल्या बाजारातल्या टेपवर एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला मिमी. डोळा सवयीने इंचाकडे जातो. पहिल्याच दिवशी इंचाच्या कडेवर चिकटपट्टी लावून टाकावी. उपाय हसण्यासारखा आहे, पण डोळ्याची सवय मोडायला याहून स्वस्त काही नाही. पंधराही दिवस शिबिरात कुणी 'सूत' म्हणायचे नाही, शिक्षकानेसुद्धा.

मग नकाशा. आपल्याकडच्या ड्रॉइंगवर '16 टॉर, 150 सेंटर टू सेंटर' असे लिहिलेले असते आणि बहुधा तेही इंजिनियर किंवा मुकादम वाचून सांगतो. फिटरने कागद हातात घ्यायची वेळच येत नाही. आखातातल्या पुष्कळ कामांवर ब्रिटिश पद्धत चालते. तिथे स्लॅबच्या ड्रॉइंगवर '25टी16-03-150 बी1' असे असते. याचा अर्थ: 25 सळया, जास्त ताकदीच्या, 16 मिमीच्या, बार मार्क (सळईचा ओळख क्रमांक) 03, दर 150 मिमीवर, तळातल्या सर्वांत खालच्या थरात. बी2 त्याच्यावर आडवा. वरच्या जाळीत टी1 सगळ्यात वर, टी2 त्याच्या पोटाशी. एकाच ओळीत 'टी' दोन अर्थांनी येऊ शकतो, एकदा सळईच्या जातीसाठी, एकदा वरच्या थरासाठी, आणि घोळ तिथेच होतो. बी1 आणि बी2 ची अदलाबदल झाली तर दिसायला जाळी अगदी सारखी दिसते. पण मुख्य सळई 16 मिमी वर सरकलेली असते, आणि 150 मिमीच्या स्लॅबमध्ये 16 मिमी म्हणजे जाडीचा दहावा हिस्सा गेला. तपासणीला आलेला इंजिनियर सगळी जाळी सोडायला लावतो. आपल्याकडे 'चालतंय' म्हणून सुटलेले काम तिथे सुटत नाही.

सळई वाकवण्याच्या यादीत आकारांना आकडे असतात. 00 म्हणजे सरळ सळई, 11 म्हणजे एल, 21 म्हणजे यू, 51 म्हणजे बंद रिंग. एवढे चार पाठ झाले तरी रोजच्या कामातल्या बऱ्याचशा ओळी वाचता येतात. याला दोन दिवस पुरतात, आणि त्यासाठी लिहिता-वाचता येणेसुद्धा फारसे लागत नाही. मोबाइलवर नंबर ओळखणारा माणूस हे आकडे ओळखतोच. मात्र ड्रॉइंग खरे हवे, ए1 कागदावर छापलेले, साइटवर असते तसे. फळ्यावर खडूने काढलेल्या चौकोनाचा उपयोग नाही.

साहित्याचा खर्च फार होईल असे वाटत असेल तर सळईकामाचा हिशेब पाहावा. 230 बाय 450 चा, 3 मीटर लांबीचा एक बीमचा पिंजरा घेऊ. लांबीच्या चार सळया 16 मिमीच्या: 12 मीटर, मीटरला 1.58 किलो, म्हणजे 19 किलो. 8 मिमीच्या रिंगा दर 150 मिमीवर: 21 नग, एकीला साधारण 1.3 मीटर, म्हणजे 27 मीटर आणि जवळपास 11 किलो. पिंजरा 30 किलोचा. चौघांत एक याप्रमाणे वीस जणांच्या तुकडीला पाच पिंजरे, 150 किलो सळई. बांधलेले सोडायचे आणि पुन्हा बांधायचे; संपते ती फक्त बाइंडिंग तार. हीच सळई पुढच्या तुकडीलाही चालते. म्हणजे खर्च सळईचा नाहीच, शेडचा आणि शिक्षकाचा आहे.

इथे एक गोष्ट शिक्षकाने लक्षात ठेवावी. तिकडे मोठ्या कामांवर कापणे-वाकवणे बाहेरच्या यार्डात मशीनवर होते, साइटवर फक्त बांधणे असते. त्यामुळे पाटावर चावी लावून सुरेख रिंग काढणाऱ्याच्या हातातली कला तिथे फारशी विचारली जात नाही. विचारला जातो तो बांधण्याचा वेग, गाठीचा घट्टपणा आणि कव्हर, म्हणजे सळईवर राहणारी काँक्रीटची जाडी. अनेक ठिकाणी तार पिळायच्या आकड्याऐवजी जंबूर (पकड) वापरतात, त्याचा हात वेगळा बसतो. कव्हरच्या बाबतीत तर आपली सवयच घातक. बीमला 25 मिमी कव्हर, तेही फुटक्या टाइलचे तुकडे ठेवून, हे इथे सर्रास चालते. आखाताच्या किनाऱ्यावर माती खारी, हवा खारी, पायाच्या पाण्यातही क्षार. मीठ काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचले की ती गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. म्हणून जमिनीला लागून असलेल्या कामात कव्हर 50 ते 75 मिमीपर्यंत मागतात, आणि कव्हर ब्लॉक ठरलेल्या जाडीचाच लागतो. कारण कळले की माणूस नियम पाळतो. नुसते 'कव्हर ठेव' म्हणून तो ठेवत नाही.

सेंट्रिंगचे गाडे याहून अवघड. प्लेटा, बल्ल्या, जॅक आणि पाचर यांवर आयुष्य काढलेल्या माणसासमोर चाचणीत डोका किंवा पेरी या कंपन्यांच्या पद्धतीचे साच्याचे पॅनेल, 200 मिमी उंचीचे पिवळे लाकडी बीम, 15 मिमीचे टाय-रॉड (साच्याच्या दोन बाजू धरून ठेवणारे) आणि पंखाचे नट ठेवले जातात. पुण्या-मुंबईच्या टॉवरवर माइवानचे (ॲल्युमिनियमच्या साच्यांचे) काम केलेल्याला थोडे सोपे जाते, कारण पॅनेल क्रमाने लावायची शिस्त त्याच्या अंगात असते. पण तिथली पिन-पाचर वेगळी आणि इथला टाय-रॉड वेगळा. रॉडचे गणित मात्र प्रत्येकाला समजावून सांगता येते. ओल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला साधारण अडीच टन. 3 मीटर उंचीची भिंत किंवा कॉलम एका दमात भरला तर तळाशी दर चौरस मीटरला साडेसात टनांपर्यंत दाब येतो. 15 मिमीच्या रॉडला सुरक्षित भार साधारण 9 टन. म्हणजे तळाकडच्या एका रॉडच्या वाट्याला 1.2 चौरस मीटरपेक्षा जास्त पृष्ठभाग येता कामा नये. 'दोन रॉड कमी लावले तर काय बिघडतंय' याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

या रॉडबद्दल आणखी एक सांगायलाच हवे. साइटवर काहीही हलायला लागले की वेल्डरला बोलावून टाका मारायचा, ही आपली रीत. टाय-रॉडचे पोलाद वेगळे असते. त्याला वेल्डिंगची आच लागली की ते ठिसूळ होते, आणि मग रॉड वाकून इशारा देत नाही, काचेसारखा तुटतो. भिंत फुटायला तेवढे पुरते. असा टाका मारताना दिसला तर परीक्षक गुण कापत बसत नाही, त्या माणसाला सरळ बाहेर काढतो; आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

टाइल आणि प्लास्टर थोडक्यात. आपला लादीवाला सिमेंट-वाळूच्या मालावर टाइल बसवण्यात पटाईत. ॲडहेसिव्ह दिले की टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे पाच गोळे ठेवतो. वरून टिचकी मारली की पोकळ आवाज, आणि गुण शून्य. दातेरी थापीने एकाच दिशेने रेघा ओढायच्या, टाइल दाबून थोडी सरकवायची, आणि दर पाच-सहा टाइलींनंतर एक उचलून पाठ बघायची. कोरड्या खोलीत निदान 80 टक्के आणि न्हाणीघरात 95 टक्के पाठ भरलेली दिसली पाहिजे. इस्रायलात जुन्या पद्धतीने फरशीखाली वाळूचा किंवा बारीक खडीचा थर देतात, तोही एकदा करून बघितलेला असावा. प्लास्टरला 1.8 मीटरच्या पट्टीखाली 3 मिमीपेक्षा जास्त फट चालत नाही. तेवढे आपल्या चांगल्या गवंड्याला जमते. त्याला जमत नाही ते कोपऱ्याचे धातूचे बीड (पट्टी) ओळंब्यात बसवणे, कारण इथे तो कोपरा थापीने आणि नजरेने काढतो.

सौदी अरेबियाने ठरावीक कामांसाठी जी कौशल्य पडताळणी लावली आहे, तिच्यात हाताच्या कामाबरोबर संगणकावरचा प्रश्नांचा भागही असतो. वीस वर्षे प्लंबिंग केलेल्या माणसाने माउस धरलेला नसतो. त्याला पाइपातले सगळे येते, फक्त पडद्यावरच्या पर्यायावर बाण नेता येत नाही. शिबिरात दोन जुने संगणक ठेवून दोन तासांचा सराव दिला की हा अडथळा संपतो. खर्च जवळपास काहीच नाही, आणि तरी हे कुठल्याच अभ्यासक्रमात दिसत नाही.

उंचीवरचे काम आणि ऊन यांना दोन दिवस द्यावेत. बांबूच्या परांचीवर दोरी न लावता चढणाऱ्याला दोन हुकांचा हार्नेस (सुरक्षा पट्टा) घालून, एक हुक अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, हे अंगवळणी पडायला एक पूर्ण दिवस लागतो. पहिल्या तासाला प्रत्येक जण विसरतो. परांचीच्या जिन्यापाशी हिरवी चिठ्ठी असेल तरच चढायचे, लाल असेल तर मुकादम ओरडला तरी नाही. उन्हाचे म्हणाल तर संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3 उघड्यावर काम बंद असते. कतारमध्ये 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी 3:30. कामगाराला ही वेळ तोंडपाठ हवी, कारण ती मोडली जाते तेव्हा तक्रार करता येते हे त्याला ठाऊक नसते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात एकपंचमांशच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे, दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, हे त्यालाच माहीत असले पाहिजे. विदर्भातला माणूस 'आम्हाला उन्हाची सवय आहे' म्हणतो. चंद्रपूरचे ऊन कोरडे असते, घाम सुकतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर आतून तापत जाते.

आता कागदांकडे वळू. इथे क्रम चुकला की पैसा बुडतो. बहुतेक जण आधी एजंटला पैसे देतात, मग वैद्यकीय तपासणीला जातात. आखाती देशांच्या तपासणीत छातीच्या एक्स-रेवर जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग दिसला तरी माणूस 'अनफिट' ठरतो. कावीळ 'बी'चेही तसेच. तशी नोंद एका केंद्रात झाली की ती सामाईक यंत्रणेत राहते, दुसऱ्या केंद्रात जाऊन उपयोग नसतो. कोरडी टाइल कापत सिलिकाची धूळ खाल्लेल्या आणि दगड फोडलेल्या माणसांच्या फुप्फुसांचे काय झालेले असते ते मंडळाला सांगायला नको. म्हणून शिबिराच्या पहिल्या दिवसाच्याही आधी मंडळाने सरकारी रुग्णालयात एक्स-रे आणि रक्ताची तपासणी करून द्यावी. अहवाल फक्त कामगाराच्या हातात. ज्याला जाता येणार नाही त्याला ते कर्ज काढण्याआधी कळेल, आणि उपचार लागत असतील तर तेही सुरू होतील.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, आधारवर वडिलांचे नाव मधे, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच स्पेलिंग, हे आपल्याकडे घरोघरी. व्हिसा आणि तिकीट यांच्यावरचे नाव पासपोर्टबरहुकूम नसेल तर विमानतळावरून परत यावे लागते. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ही तपासणीही आधीच व्हावी.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असते, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी मंजुरी आवश्यक. आखातातल्या देशांसह 18 देशांत नोकरीसाठी जायचे तर 1983 च्या कायद्याप्रमाणे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या केंद्राच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि ती केंद्राच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून मिळते. कामगार याला कटकट समजतो. एजंटचा माणूस ही भावना ओळखतो आणि सांगतो, 'व्हिजिटवर चल, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ.' पण त्या कटकटीत काय काय आहे ते पाहा. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 35,400 घेता येतात, तेही पावती देऊन. करारातला पगार पोर्टलवर नोंदला जातो, त्यामुळे तिकडे दुसरा करार पुढे केला तर पुरावा राहतो. प्रवासी भारतीय विमा दोन वर्षांना 275 आणि तीन वर्षांना 375 रुपयांत मिळतो आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाखांचे संरक्षण देतो. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला यातले काहीच नाही. आणि इस्रायल त्या 18 देशांच्या यादीतच नाही, हे तिकडे जाणाऱ्याला सांगणारे कुणी भेटत नाही.

बेकायदा भरती करणाऱ्याला त्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि 2,000 रुपयांपर्यंत दंड आहे. 2,000! एका माणसामागे तो कमावतो त्याच्या पासंगालाही हा दंड पुरत नाही. हा विषय आपल्या अखत्यारीतला नाही हे आम्ही जाणतो. आपल्या अखत्यारीत एवढे आहे, की शिबिरातल्या प्रत्येकाने एजंटचा नोंदणी क्रमांक स्वतःच्या फोनवर ई-मायग्रेटवर शोधून बघितल्याशिवाय त्याला शेडबाहेर सोडू नये. मंजुरी घेऊन जाणाऱ्यांसाठी केंद्राचा एक दिवसाचा प्रस्थानपूर्व वर्ग आहे. आठ तासांत तिथला कायदा, चालीरीती, बँक, विमा सगळे कोंबलेले असते. पगाराची फोड शिकायला त्यात जागा कुठली?

ती फोड इथे दाखवतो. दोन करार, दोन्ही अमिरातीतले, दोन्हींवर महिना 1,200 दिरहॅम. पहिल्यात मूळ पगार 1,200. दुसऱ्यात मूळ 900 आणि जेवणाचे 300. कामगार म्हणतो, सारखेच की. जादा तासांची मजुरी मूळ पगारावर सव्वापट मिळते. 30 दिवस आणि 8 तास धरले तर पहिल्या करारात जादा तास 6.25 दिरहॅमचा पडतो, दुसऱ्यात 4.69 चा. रोज दोन जादा तास, महिन्याला 26 दिवस, म्हणजे 52 तास: एकीकडे 325, दुसरीकडे 244. महिन्याला 81 दिरहॅमची तफावत, दोन वर्षांत साधारण 1,950. नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांत वर्षाला 21 दिवसांच्या मूळ पगाराइतकी: एकीकडे दोन वर्षांची 1,680, दुसरीकडे 1,260. तीही 420 ने कमी. एकूण 2,370 दिरहॅम. दिरहॅम 23 रुपये धरला तर साडेचोपन्न हजार. एजंटला कायद्याने देता येतात त्या 35,400 पेक्षा जास्त रक्कम एका रकान्यात गेली, आणि जाताना दिसलीही नाही. अंगावर काम घेणारा आपला गवंडी चौरस फुटाचा दर पाच पैशांपर्यंत घासाघीस करून ठरवतो. पगाराची फोड एकदा समजली की तो तितकाच कडक बोलेल.

जर्मनीबद्दलही लिहायला हवे, कारण त्याची जाहिरात फार झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला आणि त्यातल्या कामांच्या यादीत वीजतंत्री, प्लंबर, रंगारी, सुतार यांच्याबरोबर वीट-फरशीचे गवंडीही होते. पण जर्मनीच्या कुशल कामगार व्हिसाला साधारणपणे निदान दोन वर्षांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागते, आणि वर भाषा. आपल्या आयटीआयमधला वीजतंत्री दोन वर्षांचा आहे, गवंडी, सुतार आणि प्लंबर एक वर्षाचे. मग वीस वर्षे भिंती बांधलेल्या, पण आयटीआयची पायरी न चढलेल्या माणसाने त्या यादीकडे बघून काय करायचे? पूर्वानुभवाची मान्यता म्हणून दिलेले काही तासांचे प्रमाणपत्र तिथे दोन वर्षांच्या जागी चालत नाही. गवंड्यांना खरोखर जर्मनीला पाठवायचे असेल तर गवंडी ट्रेड दोन वर्षांचा करण्याचा विचार विभागाने आजच सुरू करावा, म्हणजे आज अठराचा असलेला मुलगा तिथे जाऊ शकेल. चाळिशीतल्या गवंड्याला मात्र स्पष्ट सांगावे, की ही वाट त्याच्यासाठी नाही. त्याला आशेवर ठेवून भाषेच्या वर्गात बसवू नये.

शेवटचा मुद्दा मंडळाच्या नोंदणीचा, आणि आमच्या मते सगळ्यांत तातडीचा. नोंदणीला आणि दर वर्षीच्या नूतनीकरणाला मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो देतो, नाहीतर ग्रामसेवक किंवा पालिकेचा अधिकारी. आता रत्नागिरीचा किंवा नांदेडचा फिटर दोन वर्षांच्या करारावर शारजात गेला. तिथे तो वर्षाला 300 दिवस सळई बांधतो, पण इथल्या ग्रामसेवकाने कोणत्या डोळ्यांनी बघून दाखला द्यायचा? नूतनीकरण राहते. मग पहिली ते सातवीतल्या मुलाची वर्षाची 2,500 आणि आठवी ते दहावीची 5,000 रुपयांची शिष्यवृत्ती थांबते, आणि परतल्यावर पुन्हा एक रुपया भरून, रांगेत उभे राहून, नवा कामगार म्हणून नोंद. यातून सुटायला लोक कुणाकडून तरी खोटा दाखला आणतात. प्रामाणिक माणसाला खोट्याकडे ढकलणारा हा नियम आहे.

उपाय फार अवघड नाही. ई-मायग्रेटची मंजुरी आणि बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी यांना 90 दिवसांचा पुरावा मानावे. अमिरातीत पगार वेतन संरक्षण प्रणालीतून जातो, त्यामुळे नोंद मिळते. ते कायद्यात बसत नसेल तर निदान नोंदणी रद्द न करता 'परदेशी' अशा शेऱ्याने स्थगित ठेवावी, परतल्यावर आधीचा काळ धरून ती जिवंत करावी, आणि मुलांची शिष्यवृत्ती मधल्या काळातही चालू ठेवावी. मंडळाकडे येणारा, बांधकामाच्या खर्चावरचा एक टक्का उपकर हा माणूस इथे राबत होता त्याच इमारतींवर गोळा झालेला आहे. मंडळ कामगारांना वाटते त्या भांड्यांच्या संचाला आमचा विरोध नाही, घरात तो लागतोच. पण त्याच निधीतून शिबिरे आणि ही स्थगित खाती सांभाळता येतील.

शिबिराला कामगार येतील का, हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. बुडालेली मजुरी दिली नाही तर येणार नाहीत. रोज 900 रुपये मिळवणाऱ्याचे पंधरा दिवसांत 13,500 बुडतात, घरी चूल पेटवायची असते. तेवढी रक्कम तीन हप्त्यांत द्यावी, शेवटचा हप्ता सराव चाचणीनंतर. दिवसांची वाटणी अशी जमते: मापे आणि नकाशा दोन दिवस, हाताचे काम सहा, उंची आणि ऊन दोन, करार आणि कागद एक, भाषेचे साठ-सत्तर साइटवरचे शब्द एक, आणि घड्याळ लावून घेतलेल्या सराव चाचण्या तीन. चाचणी घेणारा शिक्षक शिबिरातला नसावा, बाहेरचा असावा. शिकवायला परदेशातून परतून आलेले फोरमन आणि चार्जहँड (फोरमनच्या हाताखालचे टोळीप्रमुख) घ्यावेत. कोकणातल्या कित्येक गावांत असे दोन-चार सापडतात. त्यांच्याकडे पदवी नसते म्हणून निविदेत ते बसत नाहीत. तेवढी एक अट शिथिल करावी.

पहिली तुकडी सळईकामाची, वीस जणांची घ्यावी असे सुचवतो, कारण तिला साहित्य सर्वांत कमी लागते आणि चूक कुठे झाली ते लगेच दिसते. 150 किलो सळई, पाच किलो बाइंडिंग तार, वीस जंबूर, वीस टेप, चिकटपट्टीची रिळे, ठरलेल्या जाडीचे शंभर कव्हर ब्लॉक आणि ए1 आकाराची सहा ड्रॉइंग एवढी यादी आहे. छप्पर असलेले शेड कोणत्या आयटीआयचे मिळेल ते कळवावे. पावसाळ्यात द्यायचे असेल तर जमीन काँक्रीटची असलेले द्यावे. चिखलात पिंजरा पाण्याच्या पातळीत बसत नाही आणि तीन दिवसांत सळईला गंज धरतो.

आपले,
परदेशी कामांवर फोरमन, सुरक्षा निरीक्षक आणि ट्रेड टेस्टचे प्रशिक्षक म्हणून काम केलेले काही जण